आठ कॅम्री आणि एक साइज

...म्हणजे मला वाटलं होतं लोक निदान टाळ्या तरी वाजवतील. खोटं कशाला बोलू? माझ्या डोक्यात चित्र तयार होतं. टायरच्या दुकानाच्या आवारात आठ कॅम्री ओळीने उभ्या, आठही गाड्यांना कोरे करकरीत विंटर टायर, वरून बर्फ भुरभुरतोय, आणि ईडन प्रेरीतला समस्त मराठी समाज माझ्याकडे बघून म्हणतोय, पाहा, सांगलीत शिकून आलेली मुलगी, आल्या आल्या सगळ्यांना एकत्र आणलं हिने. आणि प्रत्यक्षात काय? तर सात कॅम्री टायर बदलून मोकळ्या झाल्या, आठवी जॅकवर चढलेली, चारही चाकं काढलेली, शेजारी विनीता काकू पर्स पोटाशी धरून उभ्या, आणि मी... मी फरशीकडे बघत होते. फरशीवर बघण्यासारखं काही नव्हतं हो. थोडं तेल सांडलं होतं. ते बघत होते.

आणि तुम्हाला सांगते, कागदावर सगळं बरोबर होतं.

नाही, थांबा, तुम्हाला वाटेल ही कोण आणि टायरचं काय घेऊन बसलीय. तर मी हिमानी. जन्म इथलाच, मिनेसोटातला. मी आठ वर्षांची झाले तेव्हा आईबाबांना भीती वाटली की पोरगी अमेरिकन होणार, म्हणून त्यांनी मला सांगलीला मावशीकडे ठेवलं. तिथे चौदा वर्षं शिकले, मेकॅनिकल इंजिनिअर झाले, आणि मग आईबाबांना भीती वाटली की पोरगी सांगलीचीच होणार, म्हणून परत बोलावलं. दोन हजार पाचच्या जूनमध्ये आले. आणि आले ती रिकाम्या हाताने नाही, सहकार चळवळ घेऊन आले.

हसू नका. मावशीचे यजमान, एकनाथ काका, तीस वर्षं ग्राहक भांडाराचे सेक्रेटरी. मी त्यांच्या ताटाशेजारी ताट लावून मोठी झाले. एकटा माणूस दुकानात गेला तर ते गिऱ्हाईक, दहा गेले तर ती संस्था, असं म्हणायचे, आणि मग मावशीला म्हणायचे, भात वाढ. चौदा वर्षं भाताबरोबर हेच पोटात गेलंय माझ्या. आणि इथे येऊन बघते तर काय, प्रत्येक माणूस आपल्या गाडीत बसल्या बसल्या बटण दाबतो, गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं. संपला समाज. महिन्यातून एकदा चर्चच्या बेसमेंटमध्ये मंडळाचं पॉटलक असतं, घरटी एक पदार्थ आणायचा, आणि अकरा घरांतून सात छोले येतात. म्हटलं, हे बदललं पाहिजे. कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही. पण मला ना, कोणी सांगायची गरज लागत नाही.

तर दिवाळीच्या फराळाला मंडळात विषय निघाला बर्फाचा. संजीव काका, म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, चकली मोडत म्हणाले, "अगं, काही वेगळे टायर वगैरे लागत नाहीत. ऑल सीझन म्हणतात ना त्याला? ऑल सीझन म्हणजे ऑल सीझन."

झालं. माझ्यातल्या इंजिनिअरला कोणीतरी टाचणी टोचली. मी उभी राहिले आणि सांगितलं की साध्या टायरचं रबर सात अंशांखाली कडक होतं, कडक झालं की पकड सुटते, आणि विंटर टायरचं रबर वेगळं असतं.

"सात म्हणजे सेल्सिअस ना?" संजीव काका म्हणाले. "आपल्यात किती ते?"

"पंचेचाळीस फॅरनहाइट."

"म्हणजे आपण ऑक्टोबर ते एप्रिल कडकच असतो म्हण की."

सगळे हसले, आणि मला वाटलं, सभा आपल्या हातात आली. मग मी सुटले. तुम्हीच सांगा, टायरच्या साइजसारखी गोष्ट पाहिलीय कधी? दोनशे पाच, तिरकी रेघ, पासष्ट, आर, पंधरा. यातले दोनशे पाच म्हणजे टायरची रुंदी, ती मिलिमीटरमध्ये. पासष्ट म्हणजे उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, ती रुंदीच्या पासष्ट टक्के. आणि पंधरा म्हणजे मधल्या रिमचा व्यास, तो इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! कोणत्या बैठकीत ठरलं असेल हे? एक फ्रेंच, एक वाणी आणि एक इंग्रज बसले असणार आणि कोणीही मागे हटलं नसणार. हे मी त्या सभेत म्हटलं, आणि लोक हसले हो, खरंच हसले. मीनाक्षी, तुझी मुलगी काय छान मराठी बोलते, असं कोणीतरी माझ्या आईला म्हणालंसुद्धा. माझ्या डोक्यात हवा गेली. टायरमध्ये जाते तशी, दाबाने.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ती सांगायला नको वाटतं, पण सांगते. मला गाडी चालवता येत नव्हती. माझ्याकडे शिकाऊ परमिट होतं. शेजारी बाबा बसलेले असताना, ऊन असताना, रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये मी ताशी बारा मैलांनी गोल फिरायचे. आणि आठ वर्षांची असताना गेले त्यानंतर बर्फ पाहिला होता तो फक्त कृष्णेकाठी गोळेवाल्याच्या गाडीवर. ही बाई आठ घरांना बर्फात गाडी कशी चालवायची ते सांगत होती.

पण कागदावर सगळं बरोबर होतं, बरं का. अकरा घरांपैकी आठ घरांत कॅम्री. बाकीचे तिघं बंडखोर, त्यांचं सोडा. मी टायरच्या दुकानात फोन केला, तिथला डेल म्हणून माणूस, त्याला विचारलं, बत्तीस टायर घेतले तर काय देशील? तो म्हणाला, सगळे एकाच साइजचे असतील तर चांगली सूट देईन, वेगवेगळे असतील तर जो तो आपापला बघून घ्या. एकाच साइजचे! आठ कॅम्री! एकनाथ काका स्वर्गातून... म्हणजे ते आहेत अजून, सांगलीत आहेत, पण तिथून फुलं टाकतायत असं वाटलं मला. मी बाहेर जाऊन बाबांच्या कॅम्रीचा टायर वाचला. दोनशे पाच, पासष्ट, पंधरा. लिहून घेतला. कॅम्री ती कॅम्री. मी ज्या गावात वाढले तिथे ॲम्बॅसॅडर म्हणजे ॲम्बॅसॅडर, तुमची असो की कलेक्टरची, टायर तोच. दुकानदार विचारत नाही, तुम्ही सांगत नाही.

पुढच्या पॉटलकला मी रीतसर ठराव मांडला. सूचक मी, अनुमोदक माझे बाबा, कारण दुसरं कोणी हात वर करेना. ठराव काय? तर मंडळाच्या सर्व सभासद कॅम्रींसाठी दोनशे पाच, पासष्ट, पंधरा या एकाच साइजचे टायर सामुदायिक पद्धतीने घेण्यात यावेत. मतदान झालं. टायरचा साइज, तुम्हाला सांगते, बहुमताने ठरला. जगात कुठे झालं नसेल. रिमला कोणी विचारलं नाही.

फॉर्मही छापले होते मी. नाव, गाडी, साल, टायरचा नंबर. सगळ्यांनी काय लिहिलं? "कॅम्री". बस्स. संजीव काकांनी तर तेही नाही, "डिट्टो" लिहिलं आणि पुढच्या ओळीत सही केली. एका माणसाने नंबर लिहून आणला होता. विनीता काकूंनी.

आता विनीता काकू कोण ते ऐका, म्हणजे माझी मान खाली का आहे ते कळेल. राजाराम काका सॉफ्टवेअरमध्ये, काकू त्यांच्याबरोबर आलेल्या. त्यांच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून अकरा वर्षं घरात. नागपूरला कॉलेजात शिकवायच्या हो त्या, आणि इथे अकरा वर्षं पोळ्या. शेवटी ग्रीन कार्ड आलं, आणि मार्चमध्ये लायब्ररीत नोकरी लागली. सकाळी सातची पाळी. रात्रीतून लोकांनी खिडकीतून टाकलेली पुस्तकं गोळा करायची, नंबर बघून जागच्या जागी लावायची. पहिल्या पगाराचे पेढे त्यांनी अकरा घरी स्वतः जाऊन दिले. उन्हाळाभर एकट्या गाडी चालवत जायच्या. पण आदल्या जानेवारीत, नोकरी लागायच्या आधी, त्यांची गाडी बर्फावर फिरली होती, अशी गोल, आणि खड्ड्यात गेली होती. लागलं काही नाही. पण तेव्हापासून बर्फ दिसला की काकू स्टीअरिंगला हात लावायच्या नाहीत. राजाराम काका म्हणाले, मी सोडत जाईन. आणि नोव्हेंबरात काकांना कंपनीने कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला पाठवायचं ठरवलं, पाच महिन्यांसाठी, रविवारी दुपारचं विमान. म्हणजे सोमवारी सकाळी काकू एकट्या जाणार, नाही तर नोकरी सोडणार. एवढं साधं होतं.

काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "हिमानी, या टायरने गाडी फिरत नाही ना गं?"

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "काकू, मी सांगते ना."

कोण मी? बारा मैल ताशी!

तर त्या पॉटलकला काकूंनी एका पाकिटाच्या पाठीवर नंबर लिहून दिला. दोनशे पंधरा, साठ, आर, सोळा. मी तो सगळ्यांसमोर वाचला आणि हसले. हसले हो मी. म्हटलं, "काकू, कॅम्रीला दोनशे पाच असतो. तुम्ही शेजारच्या गाडीचा वाचलात वाटतं."

"असेल गं," काकू म्हणाल्या. "पण मी आपल्याच गॅरेजमध्ये..."

"नाही, कसंय काकू, ते आकडे वाकडे छापलेले असतात, आणि वाकून वाचताना..." आणि मी पुन्हा सुरू झाले, मिलिमीटर, टक्के, इंच, वाण्याचा विनोद पुन्हा केला, लोक पुन्हा हसले, आणि काकूही हसल्या, आणि त्यांचं वाक्य तसंच अर्धं राहिलं. मी एक्सेलमध्ये त्यांच्या नावापुढे दोनशे पाच टाकलं. त्यांची गाडी कुठे होती माहितीये? चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये. पन्नास पावलांवर. मी का नाही गेले बघायला? बाहेर थंडी होती. विंटर टायरचा ठराव मांडणारी मी थंडी वाजते म्हणून गाडीपर्यंत गेले नाही.

मग आला शनिवार. गुरुवारी पहिला बर्फ पडून गेलेला, रस्त्याच्या कडेला राखाडी ढीग. सकाळी आठपासून दुकानात रांग. मी हातात फाइल घेऊन उभी. आत एकेक कॅम्री जातेय, टायर बदलून बाहेर येतेय, संजीव काका थर्मासमधला चहा वाटतायत, "चला, पुढचे सभासद," म्हणतायत. एक बसली, दोन बसल्या, पाच बसल्या, सात बसल्या. डेलसुद्धा खूश. विनीता काकूंचा नंबर दुसरा होता, पण ज्याला घाई त्याला "तुम्ही व्हा पुढे, तुम्ही व्हा पुढे" करत त्या आठव्या झाल्या होत्या.

डेलने गाडी उचलली, चारही चाकं काढली, जुना टायर सोडवला, नवा टायर आणून रिमशेजारी टेकवला. टायरकडे बघितलं. रिमकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाला, "वेल... दॅट्स डिफरंट."

तुम्ही मिनेसोटात राहिला नसाल तर तुम्हाला याचा अर्थ कळणार नाही. इथली माणसं कशालाही वाईट म्हणत नाहीत. घर जळून खाक झालं तरी समोर उभं राहून म्हणतील, वेल, दॅट्स डिफरंट.

"हा टायर पंधराचा आहे," डेल म्हणाला, अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं. "हे चाक सोळाचं आहे."

मी म्हटलं, "पण कॅम्री आहे ना?"

त्याने मला गाडीच्या मागे नेलं आणि डिकीच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे तीन बारीक अक्षरं होती. राजाराम काकांनी गाडी सेकंड हँड घेतली होती, पण वरचं मॉडेल, मोठं इंजिन, मोठं चाक. आणि मी तरी काय अडाणी, मी उभ्या उभ्या फाइलच्या मागे गणित मांडलं, बाहेरून मोजलं तर दोन्ही टायरांच्या व्यासात दोन सेंटिमीटरचाही फरक नाही, तीन टक्क्यांच्या आत आहे, चालतं तेवढं, कागदावर सगळं बरोबर आहे, आणि ते डेलला दाखवलं. त्याने ते नीट वाचलं. मग म्हणाला, "बाहेरून बरोबर आहे. आतून बसत नाही."

मी फाइल मिटली.

"मग सोळाचे द्या."

"सोळाचे संपले. पहिला बर्फ पडला की सगळ्या राज्याला टायर आठवतात." छोटी रिम घालता आली असती म्हणे, पण तीही संपलेली. तीन आठवडे लागतील, म्हणाला. आणि जुने टायर परत चढवायला गेला.

तीन आठवडे. सोमवार परवावर.

आता ऐका. इथवर झाली ती चूक होती. चूक होते. पुढे जे झालं ते मला सांगवत नाही.

गडबड बघून संजीव काका आणि आणखी दोघं-तिघं आत आले. "काय झालं? काय झालं?" आणि मी तोंड उघडायच्या आत विनीता काकू म्हणाल्या, "काही नाही हो, माझंच चुकलं असेल. नंबर लिहून देताना."

मी काय म्हणायला हवं होतं? नाही, काकूंचा नंबर बरोबर होता, मी बदलला. एका दमात म्हणून झालं असतं. मला दम कमी नाही, तुम्ही ऐकताच आहात. आणि मी काय म्हटलं?

मी म्हटलं, "होतं असं काकू. वाकून वाचताना."

संजीव काका म्हणाले, "विनीतावहिनी, चष्मा बदला आता." सगळे हसले. काकूही हसल्या. राजाराम काकाही हसले, पण त्यांचं लक्ष काकूंच्या हाताकडे होतं, कारण काकू पर्सची चेन लावत होत्या, उघडत होत्या, लावत होत्या. मग त्या अगदी साध्या आवाजात काकांना म्हणाल्या, "मी कळवते लायब्ररीला, जमणार नाही म्हणून." आणि मी फरशीकडे बघायला लागले. ते तेल.

घरी आले. बाबा खूश. "सात बसले गं, आठातले सात म्हणजे काय कमी झालं?" मला जेवण जाईना. फाइल उघडली, त्यात ते पाकीट निघालं. त्या दिवशी मी त्याच्यावरचे आकडे तेवढे वाचले होते, खालची ओळ वाचलीच नव्हती. काकूंचं अक्षर, सुबक, मास्तरीण होत्या ना. "२१५/६०/१६. दोनदा बघितला. चारही चाकांवर तोच आहे."

चारही चाकांवर. म्हणजे गॅरेजमध्ये, थंडीत, गुडघे दुखतात त्यांचे, चार वेळा खाली बसल्या त्या. आणि दोनदा. जी बाई रोज शेकडो पुस्तकांच्या पाठीवरचे बारीक आकडे वाचून एकही पुस्तक चुकीच्या जागी ठेवत नाही, तिला मी आकडे कसे वाचायचे ते शिकवलं होतं, चर्चच्या बेसमेंटमध्ये, अकरा घरांसमोर, विनोद करून.

कागदावर सगळं बरोबर होतं. काकूंच्या कागदावर.

रविवारी सकाळी उठले, आई पोह्यांना कांदा चिरत होती. तिला सगळं सांगितलं. ती चिरायची थांबली नाही. म्हणाली, "मग मला काय सांगतेस? तिला सांग. आणि आज सांग. उद्या सांगून उपयोग नाही, तोपर्यंत तिने लायब्ररीला फोन केलेला असेल."

"नुसतं सांगून काय होणार आई? गाडी तर तशीच ना?"

"आपली आहे ना टायरवाली," आई म्हणाली.

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली आला. "आपली कोणती?"

"बाबा, तुमची," मी म्हटलं. मी बाबांना तुम्ही म्हणते, चौदा वर्षं फोनवरून ओळख होती आमची. "तीन आठवडे काकूंना द्यायची. तुम्ही त्यांची घ्यायची."

"म्हणजे बिनटायरची."

"टायर आहेत हो तिला. साधे आहेत. ऑल सीझन."

"जे सात अंशांखाली कडक होतात ते?"

"हो."

"ज्यांच्याविरुद्ध मी ठरावाला अनुमोदन दिलंय ते?"

"बाबा, तुम्ही पंचवीस वर्षं चालवलीत बर्फात त्याच टायरवर."

"तीच तर गंमत आहे," बाबा म्हणाले. "पंचवीस वर्षं काही अडलं नव्हतं. मग तू आलीस." पण किल्ली काढून टेबलावर ठेवली त्यांनी. तुम्हाला सांगते, त्या किल्लीने मला जास्त लाज वाटली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाबांनीच मला काकूंकडे नेलं, कारण मी कसली नेते. राजाराम काका बॅग भरत होते. क्युपर्टिनोला बर्फ नाही तरी काकूंनी त्यांच्या बॅगेत दोन स्वेटर कोंबले होते, आणि ते एक काढत होते, आणि त्या परत घालत होत्या. मी बूट न काढताच सुरुवात केली. काकू, तुमचा नंबर बरोबर होता, मी बदलला, मी बघायला गेले नाही, काल दुकानात मला कळलं होतं तरी मी तुमच्यावर ढकललं, ही बाबांची गाडी, हिचे टायर बसलेत, ही न्या, मी मंडळाच्या याहू ग्रुपवर आजच सगळ्यांना लिहिते की चूक माझी होती, आणि उद्यापासून मी तुमच्याबरोबर येते, तुम्हाला एकटं वाटायला नको, मला नोकरी नाहीच आहे अजून, तुमची पाळी संपेपर्यंत लायब्ररीत बसेन, लायसन्सच्या परीक्षेचं पुस्तक वाचेन... सगळं एका श्वासात.

काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, मला माहीत होतं. काल घरी आल्यावर परत बघितला मी. तिसऱ्यांदा."

"मग त्या दिवशी मंडळातच का नाही बोललात काकू?"

"बोलायला सुरुवात केली होती," काकू म्हणाल्या. रागाने नाही. रागाने म्हणाल्या असत्या तर मी आज तुमच्यापुढे उभी राहिले नसते, केव्हाच विसरले असते. "पण तू थांबेपर्यंत ठराव पास झाला होता."

राजाराम काका स्वेटर हातात धरून खिडकीबाहेर बघायला लागले.

मी म्हटलं, "मग जाल ना उद्या? मी असेन बरोबर."

काकूंनी किल्ली उचलली. हातात फिरवली. म्हणाल्या, "जाईन मी लायब्ररीत. पण बर्फात चालवताना मला लक्ष लागतं हिमानी. रस्त्याचा आवाज ऐकू यावा लागतो." मग म्हणाल्या, "तू बावीस मिनिटं गप्प बसशील का गं?"

आता मी तुम्हाला विचारते, तुम्ही मला इतका वेळ ऐकताय, तुम्हाला काय वाटतं, जमेल मला? मी दारात उभी राहून विचार केला, आयुष्यात पहिल्यांदा बोलायच्या आधी विचार केला, आणि ठरवलं. बसायचं. जाताना बावीस, येताना बावीस. काकूंचे टायर येईपर्यंत.

ते टायर अजून आलेले नाहीत, आणि गाडीतली चव्वेचाळीस मिनिटं रोज पोटात साठतायत. तेव्हा तुम्हाला कुठे जायची घाई नसेल तर... बसा ना जरा.